केस उतरेपर्यंत फोटो नाही

मला लहान मुलांचे चांगले फोटो काढता येतात, आणि माझ्याइतका उतावळा माणूस अख्ख्या मालेगावात दुसरा नसेल. ह्या दोन गोष्टी एकाच माणसात कशा मावतात हे माझ्या बायकोला अजून कळलेलं नाही. चहा उकळायच्या आत मी तो गाळायला घेतो. एसटी थांबायच्या आत दारात जाऊन उभा राहतो. समोरचा सावकाश बोलायला लागला की त्याचं वाक्य मीच पुरं करतो, आणि बहुतेक वेळा चुकीचं. पण समोर वर्षा-दीड वर्षाचं लेकरू बसलं की मी स्टुडिओच्या फरशीवर पोटावर पालथा पडतो आणि पडूनच राहतो. तेव्हाही पाय मात्र मागे हलत असतात, असं बायको सांगते.

यात विद्या म्हणावी असं काही नाही. लेकराच्या डोळ्याइतकं खाली यायचं. उभ्यानं काढलेल्या फोटोत नुसती टाळू येते. आईबापांना दाराबाहेरच्या बाकड्यावर, लेकराला दिसतील एवढ्या अंतरावर बसवायचं. नाहीतर ते माझ्या मागे उभे राहून टाळ्या पिटतात, खुळखुळा नाचवतात, 'हस ना रे, हस ना' करतात आणि लेकरू माझ्या डोक्याच्या वर कुठेतरी बावरून बघत बसतं. मग नुसतं थांबायचं. लेकरू आधी कॅमेऱ्याकडे बघतं, मग माझ्याकडे बघतं, मग दोघांनाही कंटाळतं आणि स्वतःच्या पायाच्या अंगठ्याशी खेळायला लागतं. बटण तिथं दाबायचं. त्याच्या आधीचे सगळे फोटो आईबापांना आवडतात आणि तो एक मला.

त्यानंतर कॉम्प्युटर. शेंबूड काढायचा, ओठावरचं बिस्किट काढायचं, आणि गालावरची तीट काढायची. आमच्याकडे काजळाचा ठिपका लावल्याशिवाय कुणी लेकरू घराबाहेर काढत नाही, फोटोला आणताना तर तो हमखास मोठा असतो. मला तो नजरेत खुपायचा. गोरागोमटा गाल आणि त्यावर हा काळा ठिपका. एक क्लिक केलं की गाल साफ. कधीकधी आजी फोटो न्यायला यायची आणि काउंटरवर फोटो धरून विचारायची, "आमच्या लेकराचं काजळ कुठं गेलं, बापा?" मी म्हणायचो, "मावशी, डाग दिसत होता." आजी बडबड करायची, मी हसायचो, फारच अडून बसली तर ठिपक्यासकट दुसरी प्रत काढून द्यायचो. पुढच्या लेकराच्या वेळी हात पुन्हा तिथंच जायचा.

तर असा मी, आणि माझ्या सख्ख्या भाचीचा एकही फोटो माझ्याकडे नाही, अशी तीन वर्षं गेली.

माझी एकुलती एक बहीण कामरगावच्या पलीकडे दिलेली आहे. माळवं पिकवणारं घर. वांगी, मेथी, पालक, आणि सांबार म्हणजे कोथिंबीर. भावजी पहाटे माल घेऊन बाजाराला जातात, बहीण आणि तिची सासू दिवसभर वाफ्यात. बहिणीचं दोनदा पोटातच गेलं. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा सासूनं गावाबाहेरच्या देवीला नवस बोलला: लेकरू जगू दे, तिसऱ्या वर्षी त्याचे केस तुला देईन, आणि केस देईपर्यंत त्याचा फोटो काढू देणार नाही.

नवसातलं ते शेवटचं कलम कुठून आलं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सासूचं पहिलं लेकरू मुलगा होता. जत्रेत एक फोटोवाला पडदा लावून बसला होता, त्याच्याकडून हौसेनं लेकराचा फोटो काढला. आठवड्याच्या आत तापानं लेकरू गेलं. फोटो धुऊन हातात आला तेव्हा घरात लेकरू नव्हतं. तो फोटो तिनं तसाच चुलीत घातला, असं भावजी सांगतात. भावजींचा जन्म त्यानंतरचा.

आता यावर कुणी काय बोलणार? मी बोललो. मी बोलल्याशिवाय राहतो होय? भाची दोन महिन्यांची असताना मी बहिणीच्या सासूला म्हणालो, "मावशी, फोटोनं काही होत नसते. मी रोज काढतो. मालेगावात सगळे लेकरं जिते हायेत." म्हातारी मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी काढा न भाऊ. मालेगावात काढा."

व्हिडिओ कॉल मात्र तिला चालायचा. त्यातलं चित्र हलतं आणि कॉल बंद केला की जातं, मागे काही राहत नाही, असा तिचा हिशेब. हललं तर चालते, थांबलं तर नाई. अंगणवाडीच्या बाईनं एकदा मोबाइल वर केला तर म्हातारीनं लेकरू पदराखाली घेतलं आणि बाईलाच चहा पाजून वाटेला लावलं. आधार कार्डाचं नाव काढलं की ती उठून वाफ्यात जायची.

मी व्हिडिओ कॉलवर भाचीला बघायचो आणि माझा अंगठा स्क्रीनवर तरंगत राहायचा. बहीण ओळखायची. "दादा, स्क्रीनशॉट काढू नको हं. तुले माही शपथ."

"तुले पटते का हे?"

"पटत नाई. पन भेव वाटते."

भाचीचे केस होते तसे मी अजून दुसऱ्या लेकराचे बघितले नाहीत. भुरे, कुरळे, मानेपर्यंत आलेले. म्हातारी त्यांना तेल लावून दोन शेंड्या बांधायची, पण दुपारपर्यंत सगळं सुटून डोक्याभोवती पसरायचं. संध्याकाळी वाफ्यात पाणी सोडलं की ती उघड्या पायांनी चिखलात नाचायची आणि मागून ऊन यायचं. कॅमेरा मी मुद्दाम मालेगावात ठेवून यायचो, तरी बोटं शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहायची. जेवायला बसलो तर नीट जेवण जायचं नाही. लवकर निघायचो. शेलूबाजारपर्यंत गाडी हाणताना स्वतःशीच भांडत यायचो की एवढंसं लेकरू रोज बदलतं, आजचं उद्या राहत नाही, आणि आपण धंदा काय करतो, तर हेच बदलणं धरून ठेवायचा.

एकदा बहिणीनं मला गोठ्यामागे बोलावून तिचा मोबाइल दाखवला. काचेला तडा गेलेला. आधी वांग्यांचे फोटो होते, व्यापाऱ्याला पाठवलेले. मग तारेवर वाळत घातलेलं पिवळं झबलं. मग रिकामी झोळी. मग अर्धी चावलेली पोळी. मग ओल्या वाफ्यात उमटलेली इवलीशी पावलं, एकामागे एक, मेथीच्या दिशेनं गेलेली. पुढेही तेच, चप्पल, वाटी, भिंतीवर कोळशानं मारलेली रेघ. लेकरू कशातही नव्हतं.

"मुखडा नाई न काढला मी," ती म्हणाली. "नवस मुखड्याचा हाये."

मी तिचं वाक्यसुद्धा पुरं केलं नाही.

यंदा हिवाळ्यात जावळाचा दिवस ठरला. बहिणीचा फोन आला. "मामाच्या मांडीवर केसं काढा लागतात, तुले तर यावंच लागते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "दादा, केसं जायच्या आधीचा एक फोटो पाहिजे मले. एकच. तिले पुढं आठवनार नाई अन् मी भुलून जाईन. माही माय कशी दिसे ते मी भुलली, तशी." आमची आई गेली तेव्हा बहीण लहान होती आणि घरात आईचा जो एक फोटो आहे त्यात तिनं डोक्यावरून पदर एवढा ओढलाय की नाक तेवढं दिसतं.

मी हो म्हणून बसलो. फोन ठेवल्यावर ध्यानात आलं की हे जमायचं कसं? केस उतरेपर्यंत फोटो नाही, आणि उतरल्यावर केस नाहीत. ते दिवस मी दुकानात नुसता येरझाऱ्या घालत होतो. एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचेच फोटो दिले. बायको म्हणाली, "जावळ लेकराचं हाये का तुमचं?"

जावळाच्या दिवशी मी कॅमेरा छातीशी बांधून मोटरसायकलवर निघालो आणि पाहुण्यांच्या आधीच पोचलो. देवीचा ओटा शेताच्या कडेला लिंबाखाली. बाजूला गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे गोल रोडगे भाजायला टाकलेले, मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती. धूर लिंबाच्या फांद्यांतून वर चालला होता आणि त्यातून ऊन असं खाली येत होतं की मला तिथंच हातपाय आपटावेसे वाटले. एवढा उजेड मी आयुष्यात पैसे देऊन आणू शकलो नसतो. आणि तो सरकत होता.

न्हावी आला. पाटावर मला बसवलं, टोपी घातली, भाचीला माझ्या मांडीवर दिलं. समोर तिची आत्या, भावजींची बहीण, पदर पसरून बसली. केस भुईला लागू द्यायचे नसतात, ते आत्यानं झेलायचे. आणि तेव्हा मला दुसरी अडचण कळली, जी कुणालाही आधीच कळली असती. मामा एकदा बसला की डोकं पूर्ण होईपर्यंत उठत नाही. कॅमेरा माझ्यामागे लिंबाच्या खुंटीला टांगलेला. मी त्या लेकराला गेली तीन वर्षं ज्या डोळ्यांनी बघत होतो, ते डोळे आता तिच्या डोक्याच्या मागच्या बाजूला होते. मला तिचा चेहरासुद्धा दिसत नव्हता. फक्त केस. खोबरेल तेलाचा वास आणि केस.

न्हाव्यानं कात्री पाण्यात बुडवली. मी म्हणालो, "थांबा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, केसं दिले असं कवा म्हनायचं? पहिली बट पडली का, का अख्खं डोकं झालं का?"

भावजी रोडगे उलटता उलटता थांबले. बहीण माझ्याकडे बघत नव्हती, ती सासूच्या तोंडाकडे बघत होती. म्हातारीनं देवीकडे पाहिलं, मग लेकराकडे. तिच्या हाताची बोटं पदराचं टोक गुंडाळत होती, उलगडत होती. मी बोलायला तोंड उघडलं तर बहिणीनं डोळे वटारले, म्हणून मिटलं. त्या वेळात मी मनात पन्नास वेळा उठलो आणि बसलो.

"पहिली बट पदरात पडली का देनं झालं," म्हातारी शेवटी म्हणाली. "देवी काही केसं मोजत नाई बसत."

कात्री वाजली. कानामागची एक बट आत्याच्या पदरात पडली. भाचीनं मोठ्यांदा भोकाड पसरलं. न्हावी समजूतदार, कात्री घेऊन बाजूला सरकला. बहिणीनं खुंटीवरचा कॅमेरा काढला आणि मी सुरू झालो. "खाली बस. अजून खाली. तिच्या डोळ्यासमोर ये. उनाकडं पाठ करू नको. बटन आधी अर्धं दाब, मंग पुरं."

"काहीच दिसत नाई यात," ती रडवेली होऊन म्हणाली. "सारा अंधार हाये."

लेन्सचं झाकण तसंच होतं. मी ओरडलो, "झाकन काढ, झाकन!" माझ्या आवाजानं भाची आणखी किंचाळली. बहिणीनं कॅमेरा सरळ आत्याच्या शेजारी ठेवून दिला. "तू गप बस न दादा," ती म्हणाली आणि कमरेला खोचलेला तिचा तो तडा गेलेला मोबाइल काढला.

"थांब," म्हातारी म्हणाली.

माझा जीव गेला. म्हातारी पुढे आली, खाली बसली, आपल्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि रडणाऱ्या लेकराच्या गालावर लावलं. नुसतं टेकवलं नाही, दाबून लावलं. अंगठ्याएवढा काळा डाग. मी मागून तेवढा गाल बघितला आणि त्याही घाईत माझ्या मनात आलं, फार मोठा झाला. म्हातारी उठली आणि पाठ फिरवून देवीकडे तोंड करून उभी राहिली. "काढ आता. लौकर काढ."

बहीण भुईवर गुडघ्यांवर बसली. तिनं मोबाइल तोंडासमोर धरला नाही, छातीशी धरला. स्क्रीनकडे बघतसुद्धा नव्हती. मला खाली लवून काही सांगायचं होतं, पण आता माझं कोण ऐकणार? भाचीचं रडणं हुंदक्यावर आलं. तिनं आईकडे हात पसरला आणि माझ्या मांडीवरून पुढे झुकली. बहिणीनं अंगठा दाबला. एकदाच.

मग न्हाव्यानं काम उरकलं. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, सगळं झालं. मी फोटो मागितला तर बहीण म्हणाली, "सासू म्हनते आठवडाभर कोनाले दाखवू नको. मीबी नाई पाह्यला अजून."

आठवडा. म्हातारीचं पहिलं लेकरू आठवड्यात गेलं होतं, हे मला निघताना आठवलं आणि मग मालेगाव येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही. मी कुणाला सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात मी एकदाही नीट झोपलो नाही. फोटोनं काही होत नसते म्हणणारा मीच. फोन वाजला की आधी बहिणीचं नाव तर नाही ना ते बघायचो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बहिणीनं सांगितलं की पोरीला सर्दी झालीय, टकलं डोकं, थंडी, दुसरं काही नाही. मी म्हणालो, अर्थातच, टकलं डोकं. फोन ठेवला आणि स्टुडिओचं शटर ओढून आत बसून राहिलो. बहिणीला वाटलेलं भेव म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत कळलं. शपथेचा आणि पटण्याचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

आठवडा सरला त्या सकाळी फोटो आला. कॅमेऱ्याच्या भाषेत बोलायचं तर त्यात सगळं चुकलेलं आहे. क्षितिज वाकडं. पसरलेला हात पुसट. माझं डोकं वरून कापलेलं, मी म्हणजे दोन मांड्या आणि शर्टाची दोन बटणं. मधोमध ते तोंड. गालावर ओघळ, ओघळात काळं काजळ उतरलेलं, केस उन्हात पेटल्यासारखे, एका कानामागे कातरलेली जागा. आणि ती ज्या नजरेनं बघतेय तसं बघणारं लेकरू माझ्या फरशीवर आजवर कधी आलं नाही. येणारही नाही, कारण मी कुणाची आई नाही.

थोड्या वेळानं व्हिडिओ कॉल आला. म्हातारीचं कपाळ, मग नाक, मग सगळं तोंड. तिच्या कडेवर टक्कल केलेली भाची रोडग्यासारखी गोल, सर्दीनं नाक वाहतंय, हसतेय. "हाये पोट्टी," म्हातारी एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "भाऊ, या एकडाव. तुमचं मोठं मशीन घेऊन या. टकलीचाबी काढा."

मी त्याच दिवशी गेलो. वाफ्यात पालथा पडून पोटभर फोटो काढले. म्हातारी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून बघत होती, दर थोड्या वेळानं येऊन काजळ सारखं करून जात होती. निघताना तिनं मला आतल्या खोलीत बोलावलं. ट्रंकेतून जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातात दिलं.

कृष्णधवल फोटो होता, कडा पिवळ्या पडलेल्या. उशीला टेकवून बसवलेलं लेकरू, मागे रंगवलेला पडदा, तळ्यात हंस. लेकरू टक लावून बघत होतं. फोटो चांगला होता. ज्यानं काढला त्याला काम येत होतं. खाली बसून काढला होता.

"जाळला म्हनून सांगतलं होतं मी," म्हातारी म्हणाली. "जाळवला नाई."

मी फोटो दाराच्या उजेडाकडे धरला.

"मी काजळ लावून नेलं होतं याले. त्या फोटोवाल्यानं ओला रुमाल घेतला अन् पुसून टाकलं. म्हने, डाग दिसते. मी लहान होती, भेली, काही बोलली नाई." तिनं फोटोवरच्या गालावर बोट ठेवलं. "तुमच्या मशीनमंदी लावता येते का आता? इथं."

मालेगावात आल्यावर फोटो स्कॅन करून मी कॉम्प्युटरवर मोठा केला. जुना, धुवट, भेगाळलेला गाल. भेगा तशाच ठेवल्या. काळा ब्रश घेतला आणि तिनं बोट ठेवलं होतं तिथं ठिपका लावला. छोटा वाटला. पुसून पुन्हा लावला. तोही छोटा वाटला. शेवटी अंगठ्याएवढा केला, गालावर दाबून लावल्यासारखा, कडेला जरा पसरलेला. बायकोनं जेवायला दोनदा हाक मारली, मग आत डोकावून गेली. माझे पाय हलत नव्हते म्हणून तिला वाटलं, खुर्चीतच झोप लागली.